कोऱ्या नळीची चमक

शकुनचा राग अकोल्याच्या एमआयडीसीत सगळ्यांना ठाऊक होता. मूर्तिजापूरकडच्या काळ्या मातीत वाढलेली ही बाई बोलायला लागली की वैशाखातल्या उन्हासारखी, कुठे सावली म्हणून नाही. एम.एस्सी. करून ती गुराढोरांचं खाद्य तपासणाऱ्या एका लहानशा प्रयोगशाळेत लागली आणि तिथं तिनं सैल शब्दांशी दावा मांडला. कोणी चमकेलाच विष म्हटलं की ती हातातलं काम बाजूला ठेवायची. "चमकते ते सारंच विष नसते, बाप्पा!"

सरकीच्या ढेपेला, म्हणजे पेंडीला, बुरशी धरली की तिच्यात विष उतरतं. जांभळ्या दिव्याखाली ते निळं चमकतं आणि यंत्र ती चमक मोजतं. पण त्याआधी कोरी नळी ठेवायची असते. तिच्यात नुसता द्राव, ढेपेचा कणही नाही. तिची चमक यंत्र शून्य धरतं आणि नमुन्यातून वजा करतं. नमुन्याच्या नळ्या दर वेळी नव्या. कोरी नळी मात्र काचेची, धुऊन पुन्हा वापरायची.

त्या दिवशी ढेपेचा ट्रक फाटकाशी उभा होता. यंत्रानं नमुना निर्दोष दाखवला.

"लिही, 'आढळले नाही'," मालक गजेंद्र म्हणाला. "ड्रायव्हर बोंबलून राहिला."

शकुनला तो आकडा पटेना. तिनं कोरी नळी दिव्याखाली धरली. नळी निळीशार पेटली.

"हे कायनं धुतली, भाऊ?"

"कपड्याच्या पावडरनं, परवा. पाहुणे येणार होते नं, म्हटलं काच चकाचक दिसू दे."

तिनं त्याची पांढरी बाहीच दिव्याखाली ओढली. बाही नळीसारखीच उजळली.

"घ्या! आता तुमच्या शर्टालेबी बुरशी लागली म्हणा! कपडे पांढरे दिसावे म्हणून पावडरीत जे घालतात, तेही असंच चमकते. यंत्रानं ते वजा केलं, त्याच्यासंगं विषही गेलं."

"पण आढळलं तं नाहीच नं? मग खोटं काय लिहिलं?"

"डोळ्याले फडकं बांधून वावरात जायचं अन् म्हणायचं, रानडुक्कर दिसले नाही! 'आढळले नाही' हे पाहणाऱ्यानं म्हणायचं असते. आपण पाह्यलं कुठी?"

तिनं नवी नळी घेऊन पुन्हा मोजलं. कोरी नळी अंधारी राहिली आणि ढेपेचा नमुना चमकला. ट्रक परत फिरला.

गजेंद्रनं कपाळ पुसलं. "वाचलो, शकुन."

"परवा धुतली म्हणता," ती सावकाश म्हणाली. "मग कालचा ट्रक?"

गजेंद्रनं कालची नोंद उघडली. कालची ढेप 'आढळले नाही' असा शेरा घेऊन वलगावला, पंजाबरावांच्या म्हशींच्या गोठ्यावर गेली होती.

"लावा फोन. अन् गुळमुळीत बोलाल तं पाहा. 'थोडी शंका हाय' नाही. 'आमची तपासणी झालीच नव्हती' म्हणा."

"पंजाबरावभाऊ," गजेंद्र फोनवर म्हणाला, "कालची ढेप गव्हाणीतून काढा. आमची तपासणी... झालीच नव्हती."

पलीकडून शिव्यांचा लोट आला. गजेंद्र फोन कानापासून दूर नेऊ लागला.

शकुननं त्याचं मनगट धरून फोन पुन्हा कानाशी नेला. "ऐका," ती म्हणाली. "पूर्ण ऐका."