सर्वेच्या दिवशी मांडलेली भांडी

अशी जवळ सरक गो. कागदावरून बोलते म्हणून काय काकीपासून लांब बसायचं? मागे आलीस तेव्हा बोललीस ते मला आवडलं नाय हां. म्हणे, ज्याचं त्यानं कमवावं, सरकारनं का वाटत बसावं? बाई, हेच मी तुझ्या बाबांच्या तोंडूनही ऐकलंय, भर ग्रामसभेत. तू तेव्हा शाळेत होतीस.

आपल्या शेजारी ती विधवा बाई आहे ना, दोन मुलींची आई, तिची गोष्ट. आपल्यात लावणीला सावड असते. तुमची दोन माणसं आमच्या खाचरात, मग आमची दोन तुमच्यात. तिचा नवरा होता तोवर दोघं आपल्याकडे यायची. तुझे बाबा शहापूरला शिकत होते तेव्हा घरात हात कमी, तर दोघं चार दिवस जास्तीची राबली. ते दिवस परत मागितले नाहीत. नवरा गेला आणि तिच्या घरात कामाचं एकच माणूस उरलं. एकटीशी सावड कोण करणार? तिला बोलवायचं सगळ्यांनी सोडलं. आम्हीपण सोडलं.

पुढे दारिद्र्यरेषेचा सर्वे आला. यादीत नाव लागलं तर पिवळं कार्ड, स्वस्त तांदूळ. शाळेचे गुरुजी माहिती लिहायला घरोघर येणार म्हटल्यावर मीच तिच्याकडे धावले. सरकारी माणूस दारात येणार आणि घर असं? जमीन सारवली, माझी स्टीलची भांडी फळीवर मांडली, कुकर ठेवला, दोन खुर्च्या नेल्या, माझं नवं पातळ तिला नेसवलं.

"वहिनी, कशाला गो येवढं?"

"गप. पाहुण्यासमोर फाटक्यात बसतात होय?"

गुरुजींनी चहा घेतला, घरभर नजर फिरवली, कागदावर खुणा केल्या. प्रत्येक वस्तूला गुण होते, गुण वाढले की नाव कटतं, हे मला काय ठाऊक? यादी लागली. तिचं नाव नव्हतं.

ग्रामसभेत ती अर्ज घेऊन उभी राहिली, तसे तुझे बाबा उठले. मुरबाडच्या कारखान्यात नुकतेच कायम झालेले.

"घरात कुकर, खुर्च्या, आणि पिवळं कार्ड पायजे? आमाला कोणी फुकट दिलं? हातपाय हलवले म्हणून वर आलो."

तिनं मान खाली घातली. घरच्या माणसाविरुद्ध चारचौघांत बोलायची आपल्यात रीत नाय. पण उठले.

"कुकर माझा. खुर्च्या माझ्या. पातळबी माझंच. आणि भावोजी, तुमी शहापूरला पुस्तक घेऊन बसलेलात, तेव्हा आपल्या खाचरात हातपाय कोणाचे हलत होते?"

मागून एक म्हातारा ओरडला, "मग त्या खुर्च्या इकडं आण गो, आमाला बसायला नाय!" सगळे हसले. तुझे बाबा नाय हसले. वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. त्यांनी मेहनत केली हे खोटं नाही. पहाटे रॉकेलच्या चिमणीपाशी वाचताना मी त्यांना बघितलंय. पण तेवढंच सांगितलं की अर्धं राहतं.

अर्ज तालुक्याला गेला. नाव लागायला दोन पावसाळे गेले. तोवर तिच्या थोरलीची शाळा सुटली, वीटभट्टीवर गेली ती. तुझ्याच वर्गातली, अक्षर तुझ्यापेक्षा सुरेख. आता सांग, ती शाळा कोणाच्या आळसानं सुटली? तिच्या आईच्या?

थोरलीला सापगावला दिलीय. मी तिची माफी अजून मागितली नाही. दोनदा निघाले, रस्त्यातून परत आले. एकटीला धीर होत नाही. तू लवकर ये गो, आपण दोघी जाऊ तिच्याकडे.