शेर, किलो आणि बायकोचं दूध

आमची पहिली मुलगी माझ्या सासुरवाडीला, वरवट बकालला झाली. दिवाळीची सुट्टी होती, म्हणून बुलढाण्याच्या शाळेतला मी गणिताचा मास्तर तिथेच मुक्काम ठोकून बसलो. बायकोला दूध पाजायला जमत नव्हतं. लेकरू रडे, मग तीही रडे. मी उपाय काढला, रोज वजन करायचं. लेकराला जोखू नये, दृष्ट लागते, असं सासूबाई पुटपुटल्या. पण जावयाला नाही म्हणणार कोण? वाण्याकडून वजनांसकट तराजू आला आणि ओसरीच्या आढ्याला टांगला.

पाचव्या दिवशी लेक भरली तीन शेर चार छटाक. सहाव्या दिवशी मी दाराकडे तोंड करून जाहीर केलं, "तीनच्या वर जेमतेम काटा हलतो. पोर उतरली."

आत बायकोने हंबरडा फोडला. सासूबाईंनी डब्याचं दूध आणायला माणूस पाठवायची तयारी केली. तेवढ्यात सुईण आली. म्हातारी कोणाच्या जावयाला मोजणारी नव्हती. म्हणाली, "जवाईबुवा, थो तराजू सोडा अन् चूप बसा."

मी सोडायला लागलो. आतून सुईणीचा आवाज येत होता. "भेव आलं तं येऊ दे माय, त्याले हाकलू नको. श्वास येते-जाते, तसंच थेही जाईन. तू फकत पोरीच्या घोटाकडे ध्यान दे. हा घोट. मागचा नाई, पुढचा नाई."

रडणं थांबलं. बऱ्याच वेळाने लेकराचे घोट मलाही ऐकू आले.

आणि तेव्हाच माझ्या हातातल्या वजनावर मला 'किलो' हा शब्द दिसला. नवी वजनं सक्तीची झाल्यामुळे वाण्याने आदल्या संध्याकाळी शेर परत नेऊन किलो ठेवले होते. किलो शेरापेक्षा मोठा, हे मी त्याच महिन्यात पोरांना फळ्यावर शिकवलं होतं. तीन शेर चार छटाक म्हणजेच तीन किलोंच्या किंचित वर; लेक उतरली नव्हतीच.

मी गप्प राहिलो. पोर उतरल्याचं जावयाच्या वेळीच लक्षात आलं, असं सासरे गावभर सांगत होते. मी मान डोलवून पुरणपोळ्या खाल्ल्या.

बायको मात्र जन्मभर सांगत राहिली की आपलं दूध आटलं होतं. ते ऐकून लेक तिच्या बाळंतपणात धास्तावली. आता नात बाळंत झाली आहे आणि माझंही दूध आटेल का, असं तीही फोनवर विचारते आहे. म्हणून परवा बायकोसमोर बसून मी सगळं सांगितलं.



"म्हणजे मले दूध होतं?"

"होतं."

"पहिल्यापासून?"

"हाव."

तिने नातीला फोन लावला. "बाई, आपल्या घरात कोणाचंच दूध आटलं नाई. तुह्या आबाचं गणित कच्चं हाय. तू बिनघोर पाज."

मग तिने त्या म्हातारीचं घोटाचं सांगणं जसंच्या तसं नातीला सांगितलं. मला मात्र अजून चहा मिळालेला नाही.