आडव्या इंजिनाचे दहा वाटे

१९८३ सालचा दसरा. रक्कम रुपये चार हजार दोनशे, रोख. हजर: मी, माझी पत्नी, विकणारा कंत्राटदार, आमच्या कारखान्यातले कॅशियर आणि मोटारसायकलच्या सीटवर बसलेली एक कोंबडी. कोंबडी किमतीत धरलेली नाही, हे कंत्राटदाराने दोनदा सांगितलं.

जागा म्हणजे तारापूरच्या रस्त्यावरची त्याची पत्र्याची शेड. वीज केंद्राचं बांधकाम चालू असताना आलेला कुणी परदेशी इंजिनीयर जाताना ही गाडी इथेच सोडून गेला होता. दोन-तीन हात बदलत ती कंत्राटदाराकडे आली, आणि आता कंत्राटदारच बिऱ्हाड घेऊन सुरतेला निघाला होता. गाडी इटालियन. टाकी लाल, निदान एके काळी लाल. इंजिन इतर मोटारसायकलींसारखं उभं नाही, तर पुढच्या चाकाकडे डोकं करून आडवं झोपलेलं. डाव्या अंगाला परातीएवढं लोखंडी चाक, त्यावर कसलंही झाकण नाही. इंजिन सुरू झालं की ते उघड्यावर गरगरायचं. कागदपत्रं चोख होती. मी हिशेबखात्यातला माणूस, त्यामुळे आधी कागद पाहिले आणि गाडी नंतर. उलट केलं असतं तर बरं झालं असतं.

पैसे स्कूटरसाठी साठवलेले होते. तेव्हा स्कूटरला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे आणि आमचा नंबर अजून यायचा होता.

"अहो, स्कूटरला डिकी असते," पत्नी म्हणाली. "पुढे मुलीला उभं करता येतं. स्टेपनी असते. याला काय आहे?"

"वहिनी, याला इतिहास आहे," कॅशियर म्हणाले.

"मग इतिहासाला भाजीची पिशवी कुठे अडकवायची तेवढं दाखवा."

तरीही मी पैसे मोजले. त्यावर तिने सगळ्यांसमोर अट घातली. पालघरला तिची थोरली बहीण राहायची. येत्या अक्षय्यतृतीयेपर्यंत या गाडीने तिला एकदा तरी बहिणीच्या दारापर्यंत न्यायचं, आणि वाटेत गाडी कुणी ढकलायची नाही. जमलं तर गाडी आपली. नाही जमलं तर विकायची आणि स्कूटरचा नंबर येईपर्यंत गप्प बसायचं. मी होय म्हटलं. कॅशियरनी साक्षीदार म्हणून मान डोलावली. कोंबडी उतरली.

गाडी घरापर्यंत ढकलत आणली. अट तेव्हा लागू झालेली नव्हती, असं मी धरतो.

बोईसरच्या दोन गॅरेजवाल्यांनी आडवं इंजिन पाहून हात जोडले. तिसऱ्याकडचा उत्तरेकडचा कारागीर खाली वाकून बघत म्हणाला, "साहब, ये गाड़ी नहीं, आटाचक्की है. गेहूँ डालो, चलेगी." मग कुणीतरी किनाऱ्यावरच्या घिवली गावच्या मिस्त्रीचं नाव सुचवलं. मिस्त्री मासेमारीच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. आवाज मोठा, पोट त्याहून मोठं, आणि आपल्याला एखादी गोष्ट येत नाही ही शंका त्याच्या मनात आयुष्यात आली नसावी. गाडीभोवती एक फेरी मारून त्याने त्या उघड्या चाकावर थाप दिली.

"ही तर आमच्या होडीच्या इंजिनाची भैन हाय! तीबी अशीच आडवी झोपते. तिलाबी असाच चाक. साहेब, ही चुकून रस्त्यावर आली."

त्या दिवसापासून त्याने गाडीला होडी समजूनच वागवलं. पिस्टनच्या रिंगा होडीच्या इंजिनाच्या बसवल्या. टाकी होडीच्या उरलेल्या निळ्या रंगाने रंगवली. मी लाल म्हणालो होतो, पण लाल डबा संपला होता. साडी त्या चाकात जाऊ नये म्हणून डाव्या बाजूला मासेमारीच्या नायलॉन जाळ्याचा पडदा बांधला, खाली शिशाच्या गोळ्यांसकट. आणि कार्बोरेटरला हवा गाळून देणारा डबा असतो, तो त्याने काढून कोपऱ्यात भिरकावला.

"अहो मिस्त्री, तो डबा लागत असेल."

"आमच्या होडीला कुठं हाय डबा? इंजिनाला मोकळी हवा पायजे, साहेब. माणसाला पायजे तशी."

मजुरी विचारली तर त्याने हात हलवला. "पैशे कुठं मागतो मी? आमच्यात इंजिनवाल्याचा वाटा असते. तुमी वाटा ठेवा म्हंजे झाला."

आम्ही साताऱ्याकडचे. आमच्याकडे असं बोलणं म्हणजे शिष्टाचार असतो. दिवाळीला फराळ पाठवला की फिटतं. मी म्हटलं, "तुमचा वाटा कायमचा, मिस्त्री." तो फार खूश झाला. त्याने बाजूच्या दोघांना बोलावून माझ्याकडून ते पुन्हा वदवून घेतलं, तरी मला संशय आला नाही. त्या गावात होडी एकाची असते, जाळी दुसऱ्याची, इंजिन तिसऱ्याचं, आणि मिळकतीचे वाटे पडतात. तिथे वाटा हा मालकीचाच शब्द आहे, हे मला पुढे कळलं.

सीटचंही तसंच. बोईसरला टेम्पोच्या गाद्या शिवणारा एक कारागीर होता. त्याने विचारलं, किती माणसं बसणार? मी म्हटलं, आम्ही दोघं आणि मुलगी. त्याने तीन पूर्ण वाढलेल्या माणसांची गादी शिवली. मुलगी पाच वर्षांची होती. "मुली काय लहान राहतात का?" तो म्हणाला. गादी मागच्या दिव्याच्याही पलीकडे वीतभर गेली होती, म्हणून दिवा तिच्याखाली टांगला. मिस्त्री शेजारीच उभा होता. त्याने गादीवाल्याला पैसे घेऊ दिले नाहीत. "तूबी वाट्यात ये," म्हणाला.

कारखान्याच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर या गाडीवर रोज चर्चा व्हायची. चर्चा करणाऱ्यांत इटली कुणी पाहिलेली नव्हती. कॅशियरचं मत, इटालियन माणूस आधी गाडीचा आवाज ठरवतो आणि मग त्या आवाजाभोवती गाडी बांधतो. स्टोअरकीपरची स्वतःची स्कूटर होती आणि तो म्हणायचा की स्कूटरचं मूळही इटलीचंच, शिवाय ती सुरू होते. एकदा त्याने हिशेब मांडला, "रिंगा घिवलीच्या, गादी बोईसरची, रंग होडीचा, जाळं सातपाटीचं. इटलीचं काय राहिलं?"

"न सुरू होणं," मी म्हणालो. तेवढ्यापुरता मी जिंकलो.

पण ते पूर्ण खरं नव्हतं. गाडी सुरू व्हायची, आणि सुरू झाली की तिच्यासारखा आवाज पंचक्रोशीत नव्हता. थड्, मग जरा विचार, मग पुन्हा थड्. जवळच्या पाम गावापर्यंत ती मजेत जायची. तिथून परतताना मात्र घराच्या अलीकडे कुठेतरी बंद पडायची. दर रविवारी बाजाराहून येताना पत्नी उतरायची, पदर खोचायची, पिशवी माझ्या हँडलला लावायची आणि ढकलायला लागायची. मी हँडल धरायचो, कारण गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात, आणि तो गोंधळ मलाच येत होता.

"तुम्ही ढकला, मी हँडल धरते," ती एकदा म्हणाली.

"तुला गिअर टाकता येणार नाही."

"तुम्हाला तरी कुठे येतो?"

असा चैत्र उजाडला. मग मिस्त्रीने सगळं पुन्हा उघडलं, पुन्हा बसवलं, आणि खरंच काहीतरी जमलं. दोन आठवडे गाडी एकदाही बंद पडली नाही. मी मुहूर्त न पाहता थेट शेवटचा दिवस धरला, अक्षय्यतृतीया. सकाळी लवकर निघायचं, ऊन चढायच्या आत मेव्हणीच्या दारात, आणि गाडी कायमची माझी.

आदल्या संध्याकाळी मिस्त्री घरी आला. सोबत पापलेटांची जोडी.

"साहेब, उद्या गाडी माझ्या वाट्याची. भाच्याचा लगीन हाय. नवरा सातपाटीला याच्यावर जाणार."

"उद्या? मिस्त्री, उद्या मला गाडी हवी. उद्या नाही तर ती विकावी लागेल!"

"मंग इंजिन माझा हाय ना? तुमी दोन माणसांसमोर बोललात. गादीवाला बी येनार हाय, त्याच्या वाट्यानं."

मी वाद घातला, पण वाटा दिल्याचं मी नाकारू शकत नव्हतो. तेवढ्यात पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने पापलेटं उचलली आणि विचारलं, "सातपाटीला कुठून जायचं?"

"पालघरवरून. दुसरा रस्ता कुठं हाय?"

"मग भांडता कशाला? तीन माणसांची गादी आहे. तुमचा भाचा मध्ये बसेल. मला बहिणीच्या दारात सोडा आणि पुढे जा. अट तीच राहील." शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं.

सकाळी घिवलीहून वऱ्हाडाचा टेम्पो आमच्या चाळीपुढे आला. मिस्त्रीच्या माणसांनी गाडी झेंडूच्या माळांनी मढवली. हँडलला माळा, टाकीला माळा, आणि जाळ्याच्या पडद्यात तर भोक दिसेल तिथे फूल. मी पुढे. मध्ये मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, कट्यार एका हातात, दुसऱ्या हाताने माझा पट्टा धरलेला. शेवटी पत्नी, नवी साडी नेसून, दोन्ही पाय जाळ्यात. मिस्त्रीने टेम्पो पुढे काढला, कारण बँजोवाले टेम्पोत होते आणि बँजो पुढेच हवा. आमची मुलगीही टेम्पोतच. गादीवाला टेम्पोच्या मागच्या फळीवर उभा राहून आपल्या गादीवर नजर ठेवून होता.

गाडी काय चालली! वाटेतलं उमरोळी गाव मागे पडलं. नवरदेव माझ्या कानात म्हणाला, "काका, जरा जोरात हाना ना, आमच्या गावाची इज्जत हाय." पत्नी मागून म्हणाली, "हळू चालवा, त्याच्या मुंडावळ्या माझ्या तोंडात जाताहेत." रस्ता कच्च्या डागडुजीचा होता. टेम्पो तांबड्या धुळीचा पडदा मागे टाकत होता, आणि आम्ही त्या पडद्यात होतो. पालघरची पहिली घरं दिसली. माझ्या मनाने तोवर मेव्हणीकडचा चहासुद्धा घेऊन टाकला होता.

तिथे गाडी एकदा शिंकली, दोनदा खोकली, आणि उभी राहिली.

टेम्पो थांबला. मिस्त्री धावत आला. त्याने कार्बोरेटर उघडून तळहातावर उपडा केला. आत उमरोळीची माती होती आणि झेंडूच्या पाकळ्या होत्या, दोन्ही भरपूर.

"मिस्त्री, तो डबा," मी म्हणालो.

त्याने तळहातावरची माती बोटाने चाळून पाहिली. "दर्यात धूळ नसते, साहेब," तो म्हणाला. माझ्या माहितीप्रमाणे त्याने आयुष्यात दिलेली ही एकमेव कबुली.

पत्नी सवयीने उतरायला लागली. पदरही खोचला होता. मिस्त्रीने तिला हाताने अडवलं. "वयनी, आज नाय. आज तुमी वरातीत हायत." आणि त्याने टेम्पोकडे तोंड करून समुद्रावर मारतात तशी हाक मारली.

अख्खं वऱ्हाड उतरलं. होडी ओढून वर काढताना जसा सगळे मिळून जोर लावतात, तशी त्यांनी गाडी ढकलायला घेतली. एक जण ओरडायचा, बाकीचे साथ द्यायचे आणि ढकलायचे. बँजोवाल्यांनी ताल धरला. बायका पुढे नाचू लागल्या. दुकानदार बाहेर आले. मी हँडल धरून बसलो होतो. नवरदेव कट्यार उंच धरून. मी एकदा मागे पाहिलं तर पत्नी ताठ बसून डावीकडच्या लोकांना नमस्कार करत होती.

मेव्हणी दारात आली ती तशीच उभी राहिली. "अगं, हे काय?"

"काही नाही," पत्नी उतरत म्हणाली, "सहज आले."

चहापाणी झालं. सगळ्या वऱ्हाडाला सरबत झालं. कार्बोरेटर धुऊन, माळा उतरवून गाडी सुरूही झाली, आणि मिस्त्री भाच्याला मागे घेऊन सातपाटीकडे गेला. थड्, जरा विचार, थड्. आवाज ऐकू येईनासा झाल्यावर मी पत्नीला म्हणालो, "दारात आणलं की नाही?"

"आणलं. माझ्या लग्नातसुद्धा मला असं कुणी आणलं नव्हतं."

"मग?"

"मग काय, विकायची. ढकलत आणलं ना?" मग ती म्हणाली, "पण वाईट नव्हती हो."

पावसाळ्याआधी वसईहून एक शौकीन गृहस्थ आले. गाडीचा निळा रंग पाहून त्यांना गहिवरून आलं, चांगल्या अर्थाने नव्हे. तरी त्यांनी पाच हजार चारशे रुपये दिले. मला बाराशेचा नफा दिसला. तो मला घरी जाईपर्यंतच दिसला, कारण मिस्त्री ओट्यावर बसला होता आणि शेजारी गादीवाला.

मिस्त्रीने होडीच्या रिवाजाने वाटप केलं. आधी खर्च काढायचा: पेट्रोल आणि ऑइलचे चारशे मला. उरलेल्या पाच हजारांचे दहा वाटे, पाचशेचा एक. होडीच्या मालकाचे चार आणि तांडेलाचा, म्हणजे चालवणाऱ्याचा एक, असे पाच माझे. इंजिनाचे दोन त्याचे. गादीचा एक गादीवाल्याचा. वाटप बरोबर आहे का, मी दोनदा बेरीज करून पाहिलं. आठ वाटे झाले होते.

"राहिलेले दोन?"

"खलाशांचे. जो होडी ढकलतो त्याचे."

"वऱ्हाडाने ढकलली ना?"

"त्यांना सरबत पाजलात, ते मिटला. बाकी सहा महिने कोन ढकलत व्हता?"

आतून भांड्यांचा आवाज थांबला.

तेव्हा शेवटचा व्यवहार असा: रुपये एक हजार, दहा नोटा शंभराच्या, मी मिस्त्री आणि गादीवाल्याच्या समक्ष माझ्या पत्नीला दिले. तिने पदराला हात पुसले, मोजून घेतले आणि एक नोट जुनी म्हणून बदलून मागितली.