गोदामातली बारा बोअर

ती घटना आठवली, की आजही माझं डोकं तडकतं. चोरांमुळे नाही. चोर चोरासारखेच वागले. ज्यांच्या जिवासाठी आम्ही औषधांच्या उग्र वासात दिवस काढले, त्यांच्यामुळे तडकतं.

निवृत्ती जवळ आली होती. नाशिक जिल्ह्यात गुन्हे शोधाचं एक लहान पथक माझ्याकडे होतं. ऐन द्राक्षाच्या हंगामात शेतीऔषधांच्या दुकानांवर लागोपाठ जबरी चोऱ्या झाल्या. वर्तमानपत्रं दरोडा म्हणून छापत होती, पण दरोड्याला कायद्यानं पाच माणसं लागतात. हे दोघेच होते. भर दुपारी, दुकानात गर्दी नसताना यायचे. तोंडाला रुमाल, डोक्याला टोपी. फवारणीच्या दिवसांत अर्धा तालुका असाच फिरतो, त्यामुळे कुणाला संशय येत नसे. एकाकडे गावठी कट्टा. कॅमेऱ्यात फक्त दोन रुमाल दिसायचे, आणि गुन्ह्याला निघताना ते मोबाईल बरोबर ठेवत नसत. आमची नवी साधनं तिथंच थांबली.

"मग जुन्या पद्धतीनं बसा," वरिष्ठ म्हणाले. "दुकानात दबा धरा."

मुख्यालयाच्या शस्त्रागारातून बारा बोअरची पंप अ‍ॅक्शन गन काढली, नोंद केली, काडतुसं घेतली. लोकांना हे हत्यार सिनेमातलं वाटतं. प्रत्यक्षात त्यातून मूठभर छरे सुटतात आणि जितकं लांब जातील तितके पसरतात. चोर कोण आणि गिऱ्हाईक कोण, हे छऱ्यांना कळत नाही. गन मी माझ्या हवालदाराकडे दिली, कारण तो ती उडवायला उतावीळ नव्हता. काडतुसं तपासताना तो म्हणाला, "साहेब, ही दाखवायची वस्तू आहे. उडवायची वेळ आली तर समजायचं, आपलं गणित चुकलं."

दिंडोरीतलं एक मोठं दुकान निवडलं. पुढं रस्ता, मागं गोदाम, गोदामाला गल्लीत उघडणारं वेगळं दार. दुकान आणि गोदाम यांच्यामध्ये एक पडदा. मालक पन्नाशीचा, टकला, मनानं अगदी चांगला. फक्त तोंड बंद राहत नसे. मी त्यांना बजावलं, "अण्णा, आम्ही इथं आहोत हे घरच्यांपलीकडे कुणाला कळता कामा नये."

"साहेब, पोटातलं ओठावर यायचं नाय," त्यांनी गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली.

तिसऱ्या दिवशी चहावाला पोरगा किटली घेऊन थेट पडद्याआड आला आणि विचारतो, "पोलीस लोकांपैकी बिनसाखरेचा कोणाला?"

मी अण्णांकडे पाहिलं. ते म्हणाले, "मी त्याला नाय सांगितलं. त्याच्या चुलत्याला सांगितलं होतं." वर हेही म्हणाले, की गावाला धीर वाटावा म्हणून सांगितलं! माझ्या हवालदारानं डोकं खताच्या पोत्याला टेकवलं आणि डोळे मिटून घेतले.

त्याच आठवड्यात पिंपळगावच्या एका दुकानात ते दोघे घुसले. तिथं एक हमाल गाडीतून माल उतरवत होता. डोक्यावर पोतं, मान खाली. समोर कट्टा धरलाय हे त्याला दिसलंच नाही. 'थांब' हे मालक दुसऱ्या कुणाला म्हणतोय असं समजून त्यानं दोन पावलं पुढं टाकली. गोळी मांडीत बसली. मी दवाखान्यात जबाब घ्यायला गेलो, तेव्हा त्याची बायको एकच प्रश्न विचारत होती, "त्यांनी काय केलं होतं?" हाड फुटलं होतं. पुढं तो चालू लागला, पण काठीशिवाय नाही, आणि पोतं पुन्हा उचलणं नाही.

वर ओरड झाली. "दिंडोरीत झोपा काढत होता का?" असं ऐकून घेतलं. दबा उठवला, गन परत जमा केली.

दोन दिवसांनी हायवेवरच्या एका पंक्चरवाल्याचा फोन आला. माझा हा जुना खबऱ्या. म्हणाला, "साहेब, बिननंबरच्या गाडीचं पंक्चर काढून दिलं आता. दोघं आपसांत बोलत व्हते, दिंडोरीचे मामा उठले, आता ते दुकान मोकळं हाय. तुमच्याबद्दलच व्हतं वाटतं ते."

म्हणजे आम्ही बसल्याची खबर होती, आणि उठल्याचीही. दिंडोरीत आम्ही होतो म्हणूनच ते पिंपळगावला गेले होते. मला संताप आवरेना. पण संतापानं सापळा लागत नाही. मी अण्णांना वगळून त्यांच्या बायकोला गाठलं. या वहिनी कमी बोलणाऱ्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ह्यांना उद्या नाशिकला नणंदेकडं धाडते. तुम्ही गोदामाच्या दारानं या."

मी म्हटलं, "गल्ल्यावर आमची महिला कर्मचारी बसेल. तुम्ही थांबू नका."

"नवी बाई दिसली तर ते दारातूनच माघारी जातील. मीच बसते."

त्यांचं बरोबर होतं, आणि मला ते मुळीच आवडलं नव्हतं. तरी तसंच ठरलं. गन पुन्हा काढून आणली. हवालदार आणि मी पडद्याआड, दोन शिपाई बाहेर टेम्पोजवळ हमालांच्या वेशात.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले. नेमकं तेव्हाच एक म्हातारा शेतकरी भुरी लागलेलं द्राक्षाचं पान हातात धरून वहिनींना औषध विचारत उभा. कट्टेवाल्यानं हत्यार वहिनींवर रोखलं, "गल्ला खोल." म्हाताऱ्याला कमी दिसत असावं. त्यानं मागं वळून झापलं, "ए, नंबरानं ये. माझं चालू हाय."

हवालदाराची नळी पडद्याच्या फटीत होती आणि नळीपुढं म्हाताऱ्याची पाठ होती. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवून नाही म्हटलं. म्हातारा हलेना, आणि चोर कट्टा एकदा त्याच्यावर, एकदा वहिनींवर फिरवू लागला. ठरवून गोळी झाडणाऱ्यापेक्षा घाबरलेला माणूस लवकर झाडतो.

तेवढ्यात वहिनी शांतपणे म्हणाल्या, "बाबा, भुरीचं औषध खालच्या खणात हाय. वाका जरा, तुमीच बघून घ्या." आणि गल्ला उघडायच्या निमित्तानं स्वतःही खाली वाकल्या. म्हातारा कुरकुरत वाकला.

समोर फक्त चोर उरला. हवालदारानं पडदा सारला, गन खटकन ओढली आणि म्हणाला, "टाक." एवढंच. त्या रुंद नळीचं तोंड एवढ्या जवळून पाहिल्यावर माणूस वाद घालत नाही. कट्टा फरशीवर पडला. दुसरा दाराकडं पळाला, तो आमच्या शिपायांच्या मिठीत सापडला. एकही काडतूस उडालं नाही. काउंटरखालून म्हाताऱ्याचा आवाज आला, "हितं तर युरियाच हाय, बाई!"

पोलीस कोठडी मिळाली, पण दोघंही तोंड उघडेनात. अशा वेळी मारझोडीनं खोटं लवकर मिळतं, खरं मिळत नाही. मी कट्टेवाल्याशी गुन्ह्याचं बोलणंच सोडलं. जेवण देताना सहज म्हटलं, "बाईमाणसावर कट्टा रोखला तू. लाज नाही वाटली?"

तो चिडून म्हणाला, "बाई एकटीच हाय असं सांगितलं व्हतं आम्हाला!"

बोलून गेला आणि घास हातातच राहिला. अण्णांना नाशिकला जायचंय हे त्याच सकाळी सांगितलेलं. ते फक्त आम्हाला, वहिनींना आणि अण्णांना ठाऊक. मी अण्णांना बोलावून घेतलं.

"नाशिकला चाललोय, हे कुणाकुणाला सांगितलं?"

"तसं कुणालाच नाय."

"आठवा."

"स्टँडवर रिक्षावाल्याला. न्हाव्याला. शेजारच्या हार्डवेअरवाल्याला." मी कपाळाला हात लावला. "आन् आपल्या औषध कंपनीच्या माणसाला. त्याचा फोन आला व्हता. म्हटलं, आज येऊ नको, बायको एकटीच हाय."

कंपनीचा हा प्रतिनिधी लुटलेल्या प्रत्येक दुकानात माल पोचवणारा निघाला. त्याला ताब्यात घेतलं आणि बाकीचं उलगडायला वेळ लागला नाही. कोणत्या दुकानात कधी रोकड असते, पोलीस कुठं बसलेत, सगळं तो पुरवायचा. अण्णा ठाण्याच्या बाकावर बसून सारखं म्हणत होते, "माझ्या घरी जेवलाय तो, साहेब. पंगतीला बसलाय." मला त्यांची कीव यायला हवी होती. मला फक्त तो हमाल दिसत होता.

खटला उभा राहिला तेव्हा नाशिकच्या कोर्टात सगळे साक्षीदार व्हरांड्यात बसले होते. हमाल काठी गुडघ्यांत धरून बसलेला. त्यानं मला हळूच विचारलं, "साहेब, तुमी तिकडं बंदुका घेऊन बसला व्हता, म्हणून ते आमच्याकडं आले ना?"

खोटं बोलणं सोपं होतं. मी म्हटलं, "हो. म्हणूनच आले."

"पण त्यांला कळलं कसं?"

मी काही बोलायच्या आत शेजारच्या बाकावरून अण्णा उठले. दिवसभरात ते अक्षर बोलले नव्हते. हमालासमोर येऊन उभे राहिले. "माझ्यामुळं, दादा. मीच बोललो व्हतो."

हमालानं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "साऱ्या तालुक्याला सांगितलं म्हणं तुमी. मलाच सांगायला एवढं दिस लावलं?"

पुकारा झाला. अण्णांनी आधाराला हात पुढं केला. त्यानं तो धरला नाही. काठी टेकत आत गेला आणि विचारलं तेवढंच सांगून आला. तिघांनाही शिक्षा झाली.

आम्हाला प्रशस्तिपत्रक मिळालं. एकही गोळी न झाडता कट्टेवाला पकडला म्हणून कौतुक झालं, आणि ते खोटं नव्हतं. पण त्या गनची फुशारकी मी कधी मारली नाही. नोकरीत नवीन आलेली पोरं अजून कधी भेटायला येतात, बारा बोअरचा किस्सा सांगा म्हणतात. मी त्यांना हा सांगतो आणि वर एवढंच म्हणतो: तुम्ही एका दुकानात दबा धरून बसता, तेव्हा बाजारातली बाकीची दुकानं उघडीच असतात. त्यांच्या दारात कोण उभं आहे, ते आधी बघून या. मग बसा.