बाकाकडे बघणारे बर्वे

फलंदाजीचा सराव चालू असताना बर्वे फलंदाजाकडे पाठ करून उभे राहत. ब्राउनश्वाइगच्या आमच्या छोट्या बेसबॉल क्लबात नव्याने आलेल्या प्रत्येकाला आधी हा अपमान वाटे. चेंडू कुंपणापार गेला तरी प्रशिक्षक मागे वळून बघत नसत. त्यांची नजर लाकडी बाकावर, म्हणजे आपली पाळी येण्याची वाट बघत बसलेल्यांवर असे. "फटका आवाजावरून कळतो," ते म्हणत. "माणूस बसलेला असताना कळतो."

श्रीकांत बर्वे पेशाने गिअरबॉक्सचे इंजिनिअर. जळगावच्या शाळेत सॉफ्टबॉल खेळलेले. नोकरीसाठी जर्मनीत एकटे आले, तेव्हा त्यांच्याच विभागातल्या डीटरने त्यांना या मैदानावर आणले. पुढे दोघे वर्षानुवर्षे एकत्र खेळले. खांदा गेल्यावर बर्वे प्रशिक्षक झाले. गुडघा गेल्यावरही डीटर खेळत राहिला. बर्व्यांचे जर्मन डीटरच्या हाताखाली तयार झाले आणि डीटरची जीभ बर्व्यांच्या स्वयंपाकघरात. शनिवारच्या जेवणाला तो न विचारता येई आणि टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला बसे. बर्व्यांच्या पत्नी वसुधाताई त्याला डीटरभावजी म्हणत.

बर्वे कमी बोलत. कोणताही निर्णय सांगताना वाक्याच्या सुरुवातीला 'आल्झो', म्हणजे जर्मनमधले 'तर मग', येई, आणि तो शब्द आला की चर्चा संपली हे खेळाडूंना माहीत होते.

गेल्या वर्षी क्लब पहिल्यांदाच विभागीय अजिंक्यपदाच्या मालिकेत पोचला. तीनपैकी दोन सामने जिंकायचे होते. पहिला शनिवारी, उरलेले रविवारी. संघ जवळजवळ ठरलेला होता. प्रश्न एकाच जागेचा होता: डेझिग्नेटेड हिटर. चेंडू टाकणाऱ्या पिचरला सहसा फलंदाजी जमत नाही, म्हणून त्याच्याऐवजी दुसरा एक जण फक्त फलंदाजी करतो. तो क्षेत्ररक्षणाला उतरत नाही. पाळी येईपर्यंत बाकावर बसून राहतो. वसुधाताईंनी हे नीट समजून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे मांडवातला जावईच की. काम काही नाही, पान मात्र पहिलं."

त्यांचा खराखुरा जावई संघात होता. अमेय सॉफ्टवेअर कंपनीत होता, मुंबईत क्लब क्रिकेट खेळलेला, संघात सर्वांत लांब मारणारा. त्याला ही जागा हवी होती. "बाबा, मला ताजा ठेवा," तो म्हणाला होता. "पळवू नका, मी नुसता मारतो." दुसरे नाव डीटरचे. मोसम संपला की त्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होती आणि त्यानंतर खेळायचे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. त्याला मैदानात उभे करता येत नव्हते. ही जागा गेली तर त्याला नुसते राखीव म्हणून बसावे लागणार होते. त्याने मागितली मात्र नाही.

घरात विषय निघाला तो मी हजर असताना.

"अहो, जावयाला उन्हात पळवायचं आणि भावजींना बसून मारायला द्यायचं? अमेयची आई फोनवर विचारेल. काय सांगू?"

"सांग, हवा चांगली आहे," बर्वे म्हणाले.

"चेष्टा नको. दिवाळीला कोणत्या तोंडाने बोलावणार आहात त्याला?"

बर्व्यांनी चहा संपवला. "आल्झो," ते म्हणाले, "अमेय."

मी वर्तमानपत्रात असताना क्रीडापान सांभाळले होते, त्यामुळे क्लबात धावफलक माझ्याकडे असे. तिथून शनिवारचा शेवट स्पष्ट दिसला. शेवटचा डाव, एका धावेची पिछाडी, बरोबरीची धाव तिसऱ्या बेसवर, आणि दोघे आधीच बाद; तिसरा बाद झाला की डाव संपतो. तोवर अमेय बाकावर फोन बघत होता. तो उठून गेला. चेंडू गुडघ्याच्या उंचीवर आला आणि त्याने पाय पुढे टाकून, सरळ बॅटने, तो मऊपणे खाली दाबला. चेंडू समोर घरंगळला. बेसबॉलमध्ये चेंडू असा समोर पडला की धावावेच लागते; पहिल्या बेसवर चेंडू आधी पोचला तर फलंदाज बाद. अमेय उभा राहिला. षटकातला पुढचा चेंडू येणार असल्यासारखा तो बॅट टेकवून पिचरकडे बघत होता. पिचरने शांतपणे चेंडू उचलला आणि पहिल्या बेसवर फेकला. सामना संपला.

"तो का थांबला?" डीटरने विचारले.

"चेंडू चांगला होता," बर्वे म्हणाले. "म्हणून मान दिला."

डीटरला ते कळले नाही. आम्हा बाकीच्यांना पुरते कळले.

संध्याकाळी सगळे बर्व्यांकडे जेवायला होतो. वसुधाताईंनी श्रीखंड केले होते. पहिली वाटी नेहमी अमेयची असे. लग्नापासूनचा तो नियम. त्या दिवशी बर्व्यांनी भांडे स्वतः हातात घेतले, अमेयच्या खुर्चीमागून पुढे गेले आणि खिडकीकडच्या टोकाला डीटरला वाढले.

"अहो, आधी जावई," वसुधाताई हळू आवाजात म्हणाल्या.

"आल्झो, उद्या आधी डीटर," बर्वे म्हणाले. मग त्याच्याकडे वळून जर्मनमध्ये: "एकच वाटी. उद्या धावायचं आहे."

डीटरने चमचा उचलला नाही. तो अमेयकडे बघत होता. अमेयचा चेहरा लाल झाला. त्याने पाण्याचा पेला पुढे-मागे केला.

"मला बाहेर काढताय, बाबा?"

"बाकावरून काढतोय. मारणारे पुष्कळ आहेत. तिथं बसता येणारा पाहिजे. डीटर न खेळताही अख्खा सामना त्यांच्या पिचरचा हात बघत होता. तू काय बघत होतास?"

बर्वे भांडे घेऊन तसेच उभे होते. अमेयने पेला बाजूला ठेवला. "मग मैदानात तरी घ्या. उपाशी नका ठेवू."

बर्व्यांनी त्याला वाढले.

रविवारचा पहिला सामना डीटरच्या फटक्यांवर जिंकला गेला. पाळी नसे तेव्हा तो गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून समोरच्या पिचरकडे बघत बसे. निर्णायक सामना पुन्हा त्याच वळणावर आला: शेवटचा डाव, एका धावेची पिछाडी, दोघे बाद, तिसऱ्या बेसवर या वेळी अमेय. बर्वे त्या दिवशीही मैदानाकडे पाठ करूनच उभे होते. बाकावरून डीटर उठला तेव्हा मात्र ते त्याच्याबरोबर वळले. मी त्यांना फलंदाजी बघताना पाहिले ते तेवढेच.

फटका खणखणीत होता. क्षेत्ररक्षकाने आडवे पडून तो अडवला आणि तसाच बसून पहिल्या बेसवर फेकला. धड गुडघ्याचा कोणीही आधी पोचला असता. डीटर एका पावलाने हुकला. अमेय तोवर होम बेसवर पोचला होता, पण तिसरा गडी असा पहिल्या बेसवर बाद झाला की ती धाव धरली जात नाही.

परत जाताना गाडीत मागून अमेय म्हणाला, "मी पोचलो असतो, बाबा."

"गेनाऊ, अगदी बरोबर," बर्वे म्हणाले. "तू पोचला असतास. चेंडू तिथवर गेला असता का, ते देवाला माहीत." पुढच्या सिग्नलला गाडी थांबल्यावर त्यांनी वाक्य पुरे केले. "बरोबर माणूस बाद झाला. मला झोप लागेल."

फेब्रुवारीत बर्वे हृदयविकाराने गेले. कामावरून येऊन खुर्चीत बसले होते.

तेराव्याला त्यांच्या घरी मोजकीच माणसे होती. डीटर शस्त्रक्रियेनंतर काठी घेऊन चालत होता. आज तो खिडकीकडे गेला नाही, दाराजवळच उभा राहिला. अमेयने त्याला हाताला धरून नेले आणि त्याच्या जागेवर बसवले. गोड म्हणून श्रीखंडच होते. वसुधाताई भांडे घेऊन आल्या आणि सवयीने अमेयच्या पानाकडे वळल्या. त्याने ते त्यांच्या हातातून घेतले, खिडकीकडे गेला आणि पहिल्यांदा डीटरला वाढले.

वसुधाताई बघत होत्या. एक वाटी भरून अमेय पुढे सरकला, तेव्हा त्यांनी त्याला थांबवले.

"अजून एक घाल त्यांना," त्या म्हणाल्या. "उद्या सामना नाही."