कोलंबस थांबवताना

स्क्रीनवर कोलंबस झुलत होता. जत्रेतला तो होडीच्या आकाराचा मोठा झुला. आवाज नाही, माणसं नाहीत, नुसती करडी होडी या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी अशी हरवून बघत बसले की आमचे सर चिडतात.

"मॅडम, रिपोर्ट पास आहे. अजून काय पाहून राहिल्या?"

राऊतभाऊंनी सक्करदऱ्याच्या तलावाजवळ हा झुला उभा केला होता. लाईट गेली तर स्प्रिंगच्या जोरावर खालून ब्रेक वर येतो आणि होडीच्या पोटाला घासून तिला थांबवतो. तो ब्रेक कॉम्प्युटरवर तपासून देणं एवढंच आमचं काम. सरांच्या रनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या चाचणीत, तो अगदी अलगद लागला होता.

लागणारच. आता स्क्रीनवर मी झुलवत होते, पण त्या रनमध्ये होडी उभीच होती ना! ड्रॉइंगमध्ये ती नेहमी सरळ खाली लटकलेली काढतात. तेच उचलून रन दाबला की सॉफ्टवेअर तिथूनच सुरुवात धरतं: जागा तळाची, वेग शून्य. घड्याळ सुरू होताना कुठला भाग कुठे आणि किती वेगात आहे, याला इनिशियल कंडिशन म्हणतात. सॉफ्टवेअरच्या जगात त्या क्षणाआधी काहीच नसतं. मला याचं फार नवल वाटतं. मी डोळे मिटले आणि होडीत जाऊन बसले. गार वारा लागला, खाली तलाव चमकला. आणि लाईट गेली.

लाईट काही झुला थांबायची वाट बघत नाही.

मी जागा तळाचीच ठेवली, पण वेग भरला पूर्ण झोक्यातला. रन. ब्रेक वर आला, होडीचा तडाखा बसला आणि ब्रेकचा हात धरणारी पिन लाल झाली. म्हणजे ती तुटणार, आणि तो लोखंडी हात होडीच्या पोटात घुसणार. सरांनी राऊतभाऊंना फोन लावून माझ्या हातात दिला.

"सकाळी त पास म्हणलं होतं! आता काहून अडवून राहिल्या? रविवारी पहिली फेरी हाये. आमच्यात पहिले घरचे बसतात. माय अन् दोघी पोरी."

"म्हणूनच अडवून राहिले, भाऊ."

"तुटन का?"

"तुटेल."

"मंग करा न बा, जे करायचं ते."

जाड पिन आली, ब्रेकला लांब रबर आलं. रेतीची पोती बसवून, झुला भर झोक्यात असताना मुद्दाम स्विच पाडून पाहिला. होडी हळूहळू शांत झाली. तो रविवार मात्र हुकला.

पुढच्या रविवारी मलाही बसवलं. शेजारी राऊतभाऊंची आई, माझं मनगट घट्ट धरून. वर गेलो की तलाव तिरपा व्हायचा, आकाश मांडीवर यायचं. मला खाली उतरूच नये असं वाटत होतं. तेवढ्यात गाणं बंद पडलं. लाईट खरीच गेली होती. खालून रबर घासल्याचा आवाज आला.

"थांबलं का वं, बाई?"

"थांबून राहिलं, आजी."

अजूनही कोणी नवीन मॉडेल आणलं की रन दाबण्याआधी मी एकच विचारते: हे आधीपासून चालू तर नाही?