अस्वल नाही म्हणालं

रुमेनाबाई देन्कोवा एकतीस वर्षं पहिलीचा वर्ग घेत होत्या. एवढ्या वर्षांत त्यांच्या हाताखालून न वाचता दुसरीत गेलेलं मूल एकच, आणि ते पुढे नगरपालिकेवर निवडून आलं. त्यामुळे बाई तेही अपयशात धरत नसत. दुनाव नदीकाठच्या त्या लहानशा गावात निम्म्याहून अधिक लोकांना पहिलं अक्षर बाईंनीच गिरवायला लावलं होतं. शाळेचा मुख्याध्यापक कामेन हाही त्यांतलाच. चारचौघांत बाई त्याला 'सर' म्हणत, एकटा सापडला की 'अरे'.

ऑक्टोबरात शाळेला सहा संगणक मिळाले आणि मागोमाग जिल्ह्याचं पत्र आलं: वाचन शिकवणाऱ्या तीन खेळांपैकी एक निवडा. कामेनने पत्र बाईंच्या टेबलावर ठेवलं आणि काहीतरी आठवल्यासारखं करून खोलीबाहेर पडला.

बाजारात कलिंगड निवडावं तशी बाईंनी निवड केली, ठोकून. पहिल्या खेळात शब्दाचं चित्र ओळखलं की रॉकेट उडायचं. बाईंनी चष्मा काढला. समोरची अक्षरं पार धूसर झाली, तरी त्यांनी चौदा रॉकेटं उडवली, कारण बरोबर चित्र आधीपासूनच चुळबुळत असायचं. बाद. दुसऱ्यात एक मांजर प्रत्येक शब्द मोठ्यांदा म्हणून दाखवायची. कानांवर भागत असेल तर डोळे कशाला कष्ट घेतील? तोही बाद. तिसऱ्यात एक जाडजूड अस्वल होतं. वर शब्द, खाली चार चित्रं. चित्रावर टिचकी मारली की अस्वल मान हलवून बरोबर की चूक ते सांगे, विचार बदलायला सवड देई, आणि हिरवं बटण दाबलं की उत्तर पक्कं. बरोबर असेल तर बरणीत मध भरायचा. चष्म्याशिवाय बाईंच्या बरणीत मध काही भरेना. हे अस्वलही बोलायचं, पण तेवढं बाईंच्या हातात होतं. जानेवारीत खेळ सुरू करण्याआधी त्यांनी सहाही संगणकांचा आवाज बंद करून टाकला.

"वाचायचंय, ऐकायचं नाही," त्यांनी कामेनला सांगितलं. आपल्या या निर्णयाचा त्यांना थोडा अभिमानही वाटला. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथेच आहे.

मार्चमधल्या एका सोमवारी कामेन खेळातल्या गुणांचा छापील कागद घेऊन आला.

"बाई, नेवेना. तीन महिन्यांत शंभरात चार."

नेवेना ही टायर दुरुस्त करणाऱ्या तिहोमीरची मुलगी. शरदात पुठ्ठ्याची अक्षरं जुळवून सगळ्यांत आधी तिनेच शब्द वाचला होता. जानेवारीपासून मात्र तिचं काहीतरी बिनसलं होतं. एक शब्द वाचायची, समोरच्याच्या तोंडाकडे बघायची आणि गप्प व्हायची. आता हा आकडा जिल्ह्यापर्यंत पोचला होता आणि गुरुवारी तिथल्या तपासनीस झ्लातेवाबाई येणार होत्या. त्यांनी शेरा मारला की नेवेनाची रवानगी जिल्ह्याच्या विशेष शाळेत. वसतिगृहात राहायचं, घरी फक्त शनिवारी.

तिहोमीर काळ्या हातांनीच शाळेत आला. बाकड्यावर मावत नव्हता म्हणून उभाच राहिला.

"घरी वाचते का रे?"

त्याने मान डावी-उजवी डोलावली, म्हणजे आमच्याकडचं हो. "वाचते की, बाई. बोझा पितो त्या बाटलीवरचं सगळं वाचते, कारखान्याच्या पत्त्यासकट. पण मी 'शाब्बास, पुढे?' म्हणालो की बंद. चाक असतं तर पाण्यात बुडवून बघितलं असतं, हवा कुठून जातेय ते."

"बुडवू नकोस. गुरुवारपर्यंत थांब."

"ती एकदा तिकडे गेली ना बाई, की परत येणारी पोर दुसरीच असणार."

तो गेल्यावर त्यांनी कागद पुन्हा हातात घेतला. चार. दर शब्दाला चित्रं चार. डोळे मिटून टिचक्या मारणाऱ्या पोरालाही शंभरात पंचवीस मिळायला हवेत. चारच मिळवायचे तर उत्तर ठाऊक असावं लागतं, आणि ते हट्टाने टाळावं लागतं. ज्याला वाचता येत नाही त्याला इतकं चुकणं जमणारच नाही.

बुधवारी त्या नेवेनाशेजारी खुर्ची घेऊन बसल्या. पडद्यावर शब्द आला: होडी. नेवेनाने ओठांतल्या ओठांत वाचला आणि होडीवर टिचकी मारली. अस्वलाने आनंदाने मान वर-खाली हलवली. नेवेनाचा चेहरा पडला. तिने घाईने गाय निवडली. अस्वलाची मान डावीकडे गेली, उजवीकडे गेली. नेवेनाने सुटकेचा श्वास टाकला आणि हिरवं बटण दाबलं.

बाईंनी तिचा हात बटणावरून बाजूला केला.

"होडी लावली होतीस की. मग बदललीस का?"

"अस्वल नाही म्हणालं, बाई."

गावात कुणीही मान वर उडवली की ते नाही, आडवी डोलावली की हो. यात शिकवण्यासारखं काही आहे असं गेल्या एकतीस वर्षांत बाईंच्या मनात आलं नव्हतं. अस्वल बनवणारे दूर कुठेतरी बसले होते आणि त्यांच्याकडे मान उलटी चालत होती. बाकीची पोरं अस्वलाकडे बघतच नव्हती, त्यांचं सगळं लक्ष मधावर. नेवेनाला घरून शिकवण होती की बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघावं. बरोबर वाचलेल्या प्रत्येक शब्दाला तीन महिने अस्वलाचं 'नाही' बघून तिचा आता कुणाच्या शाब्बासकीवरही भरवसा उरला नव्हता.

"अगं, पण मध भरत नव्हता ते दिसलं नाही तुला?"

"मला वाटलं अस्वलानेच खाल्ला. अस्वलच ना ते."

"हे अस्वल परक्या मुलखातलं आहे. त्याचं हो म्हणजे आपलं नाही."

नेवेना मार्च लागला की मनगटावर बांधतात त्या मार्तेनित्साचा लाल-पांढरा दोरा पिळत राहिली. "म्हणजे माझी सगळी बरोबर होती?"

"सगळी."

"मग ते तोंडाने का नाही सांगत?"

बाईंकडे उत्तर होतं, पण सहा वर्षांच्या मुलीला देण्यासारखं नव्हतं. त्याचं तोंड त्यांनीच बंद केलं होतं.

त्या तडक कामेनच्या खोलीत गेल्या. "अरे, पोरीचं काही चुकलेलं नाही, माझं चुकलंय. तसं लिही."

सगळं ऐकून कामेनने कपाळ धरलं. "काय लिहू, बाई? दोष अस्वलाच्या मानेचा? मग झ्लातेवाबाई मलाही तपासतील."

"तुला तपासायला हवंच होतं. मीच सोडून दिलं."

"तपासनीसबाई पुस्तकावरून तपासणार आहेत, अस्वलावरून नाही. वाचू द्या की तिला. आणि हे बघा, उद्या तुम्ही मागे बसायचं. एक शब्द बोललात तर चाचणी रद्द, आणि जुना कागद कायम."

गुरुवारी झ्लातेवाबाई आल्या त्या मऊ आवाजाच्या आणि हसऱ्या निघाल्या. दुष्ट असत्या तर रुमेनाबाईंना बरं वाटलं असतं. त्यांनी नेवेनाला समोर बसवलं आणि सोबत आणलेलं पुस्तक उघडलं. रुमेनाबाई झ्लातेवाबाईंच्या पाठीमागे शेवटच्या बाकावर बसल्या. पहिलीचं बाक, गुडघे छातीशी.

"वाच हं, सोन्या."

"करकोचा," नेवेनाने स्वच्छ वाचलं.

झ्लातेवाबाईंनी कौतुकाने मान हलवली. वर-खाली, वर-खाली. परदेशातल्या कुठल्याशा प्रशिक्षणात त्यांना शिकवलं होतं की प्रत्येक शब्दाला अशी मान हलवून मुलाचा हुरूप वाढवावा.

नेवेना थांबली. पुन्हा पुस्तकात बघितलं, पुन्हा झ्लातेवाबाईंकडे. "कर..." म्हणाली आणि तोंड मिटलं.

"घाई नाही," झ्लातेवाबाई म्हणाल्या, आणि आणखी जोरात मान हलवली. वर-खाली.

रुमेनाबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. एक शब्द, आणि जुना कागद कायम. झ्लातेवाबाईंनी पेनाचं टोपण काढलं.

नेवेनाने झ्लातेवाबाईंच्या खांद्यावरून मागच्या बाकाकडे नजर टाकली. रुमेनाबाईंनी मान डोलावली. डावीकडे, उजवीकडे, मग इतक्या जोरात की चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. पोर एकदा झ्लातेवाबाईंकडे बघे, एकदा मागच्या बाकाकडे. परक्या बाई नाही म्हणत होत्या, आपल्या बाई हो म्हणत होत्या, आणि दोघीही हसत होत्या. झ्लातेवाबाईंचं पेन कागदाला टेकलं.

तेव्हा नेवेनाने पुस्तक दोन्ही हातांनी उचललं आणि चेहऱ्यासमोर उभं धरलं. वर फक्त केसांचा भांग दिसत राहिला. पुस्तकामागून आवाज आला.

"करकोचा छपरावर बसला. त्याच्या चोचीत काडी होती."

ती थांबली नाही. पान संपलं, उलटलं, कुणी सांगितलं नव्हतं ते दुसरंही वाचलं. शेवटी तळाचा पानाचा आकडाही वाचला.

झ्लातेवाबाईंनी बराच वेळ लिहिलं. मग मागे वळल्या. "पुस्तक बाकावर ठेवून वाचायची सवय लावत नाही का तुम्ही?"

"लावू," रुमेनाबाई म्हणाल्या.

शेरा होता: 'वाचन उत्तम. याच शाळेत ठेवावे.' खाली सही. मग झ्लातेवाबाईंनी त्या चार गुणांचं विचारलं, आणि रुमेनाबाईंनी चष्मा, मांजर, बंद आवाज, काहीही न गाळता सांगितलं. झ्लातेवाबाईंनी शांतपणे ऐकलं आणि मान हलवली. वर-खाली. पटलं म्हणून की पटलं नाही म्हणून, हे रुमेनाबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही.

शुक्रवारी सहाही पडद्यांवर अस्वलाच्या डोक्याच्या जागी पुठ्ठ्याचा चौकोन चिकटवलेला होता. दुसरा खेळ मागवता आला असता, पण चष्मा काढून खेळल्यावर हरवणारा तोच एक होता.

"बाई, अस्वल दिसत नाही," शेजारचा मुलगा कुरकुरला.

"त्याच्याकडे बघू नकोस," नेवेना पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली. "वर लिहिलंय ते वाच."